थकलेली बिलंही राज्याच्या कर्जात धरा : अर्थमंत्री आणि दोन्ही सभागृहांतल्या सर्व आमदारांना खुलं पत्र

मा. अर्थमंत्री साहेब, आणि विधानसभा-विधान परिषदेतल्या सत्ताधारी, विरोधी सगळ्याच सन्माननीय सदस्यांना,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातला एक सिव्हिल इंजिनियर आहे. आपल्याच सरकारच्या भाषेत सुशिक्षित बेरोजगार अभियंता, म्हणजे ज्यांना नोकरी नाही म्हणून सरकार छोटी कामं वाटून देतं त्यातला. गावातले सिमेंट रस्ते, गटारी, शाळेच्या खोल्या, २५१५ ची कामं (गावातल्या मूलभूत सुविधांसाठीचं बजेटचं हेड) आणि नंतर जलजीवनची पाईपलाईन, असं करत करत उभा राहिलेला माणूस आहे. कोणत्या पक्षाचा नाही आणि हे पत्र कुणाला पाडायला किंवा निवडून आणायला लिहीत नाहीये. डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरला एका आठवड्याच्या अधिवेशनात ७५ हजार २८६ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, मंजूर झाल्या, आणि त्याच्या आधी पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या झाल्या होत्या. दोन्ही मिळून १ लाख ३२ हजार कोटींच्या वर जातात. मार्च २०२५ मध्ये जे बजेट मांडलं ते ७ लाख कोटींचं होतं, म्हणजे मूळ बजेटच्या जवळपास पाचवा हिस्सा नंतर वाढवला आणि त्यावर सभागृहात जेवढी चर्चा झाली तेवढी आमच्याकडे ग्रामसभेत एका हायमास्ट दिव्यावर होते. हे वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितोय.

आधीच एक सांगतो, त्या ७५ हजार कोटींमध्ये अतिवृष्टीची मदत आहे आणि त्याबद्दल माझी एका पैशाची तक्रार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळ्याच्या बाजूला काय झालं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय, माती सकट वाहून गेलेली शेतं बघितलीयत. त्या माणसाला पैसे द्यायलाच पाहिजेत आणि लवकर द्यायला पाहिजेत. पूर मार्चमध्ये कळत नाही हे मलाही कळतं. पण लाडकी बहीण मार्चमध्ये माहीत होती ना. रस्त्यांची मंजूर कामं मार्चमध्ये माहीत होती, जलजीवनचा राज्याचा हिस्सा मार्चमध्ये माहीत होता. जे माहीत असतं ते मार्चमध्ये कमी दाखवायचं आणि डिसेंबरमध्ये पुरवणीत घ्यायचं, मग मार्चला टीव्हीवर जी तूट सांगितली ती तूट कशाची होती?

माझं या सगळ्यात काय आहे ते सांगतो. माझी पूर्ण झालेली कामं आहेत, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तकात रेकॉर्ड झालेली आहेत, थर्ड पार्टी तपासणी झालेली आहे, गावातले लोक त्या रस्त्यावरून रोज जातायत आणि त्याची बिलं एका कार्यालयात पडून आहेत. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही कारण तिथला क्लार्क आणि डेप्युटी इंजिनियर दोघंही माझ्याइतकेच हताश आहेत, त्यांच्या हातात काही नाही. विचारलं की एकच उत्तर, बीम्सवर (सरकारच्या निधीवाटपाच्या ऑनलाईन यंत्रणेवर) निधी आला नाही. मागणी पन्नास लाखांची जाते आणि येतात पाच लाख, ते पाच लाख सगळ्यांमध्ये वाटायचे. जलजीवनचं तर केंद्राकडून हप्ता नाही म्हणून राज्य थांबलंय आणि राज्य थांबलंय म्हणून आम्ही. पाईप आम्ही उधारीवर घेतले नव्हते, कंपनी रोख घेतल्याशिवाय गाडी सोडत नाही. सिमेंट, खडी, स्टील सगळ्यावर जीएसटी आधीच भरून बसलोय. बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची मर्यादा, फुल्ल आहे आणि तिचं व्याज दर महिन्याला कापलं जातं. ज्यांची सीसी नाही असे माझ्या ओळखीचे पोरं दोन टक्के, तीन टक्के महिन्याने सावकाराकडून पैसे उचलून मजुरांचा पगार करतात. घरातलं सोनं कुठंय हे विचारायचं आता आम्ही एकमेकांना सोडून दिलंय. आणि बिल मिळालं नाही तरी डीएलपी (दोष दुरुस्तीचा कालावधी) चालूच असतो बरं का, म्हणजे रस्ता खराब झाला तर आम्हीच स्वखर्चाने दुरुस्त करायचा, ज्या रस्त्याचे पैसेच मिळाले नाहीत तो.

जुलै २०२५ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तरुण कंत्राटदाराने जीव दिला. जलजीवनच्या कामाचे पैसे अडकले होते असं घरचे म्हणाले. सरकारकडून उत्तर आलं की त्याच्या नावावर कामच नव्हतं, तो सब-कॉन्ट्रॅक्टर असेल. ते कागदावर खरं असेलही, पण वरच्याला पैसे नाहीत म्हणजे खालच्याला नाहीत एवढं साधं आहे ते, आणि प्रत्यक्ष गावात जाऊन खोदणारा माणूस बहुतेक वेळा खालचाच असतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपण सगळे सभागृहात आणि बाहेरही सांगता की महाराष्ट्राची आर्थिक स्थिती भक्कम आहे. २०२५-२६ च्या बजेटप्रमाणे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी पण ते राज्याच्या उत्पन्नाच्या (सरकारच्या महसुलाच्या नव्हे, तर राज्यात वर्षभरात होणाऱ्या सगळ्या उत्पादनाच्या) १८.८७ टक्केच आहे, २५ टक्क्यांच्या मर्यादेत आहे. राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात जेवढं उसनं घ्यावं लागतं ती रक्कम, १ लाख ३६ हजार कोटी पण ती २.७६ टक्के आहे, ३ च्या आत आहे. हे आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. मी म्हणतो ते अपुरे आहेत. सरकारचा हिशोब रोखीवर चालतो, म्हणजे ट्रेझरीतून पैसे बाहेर पडले तरच खर्च धरला जातो. काम झालं, माप झालं, बिल तयार झालं, पण पैसे दिले नाहीत तर सरकारच्या हिशोबात तो खर्च झालाच नाही! तूट वाढली नाही, कर्ज वाढलं नाही. किराणावाल्याची उधारी थकवून महिन्याच्या शेवटी खिशात नोटा उरल्या म्हणून घर शिलकीत आहे असं कुणी म्हणत नाही, पण राज्याच्या हिशोबात नेमकं तेच म्हटलं जातंय.

कंत्राटदार संघटनांनी २०२५ मध्ये सांगितलं की सगळ्या खात्यांची मिळून थकबाकी ८९ हजार कोटींच्या आसपास आहे. समजा संघटनांनी वाढवून सांगितलं, निम्मं धरा. निम्मं धरलं तरी ४४ हजार कोटी होतात, म्हणजे बजेटमध्ये जी महसुली तूट (रोजच्या खर्चाला महसूल कमी पडतो ती) दाखवलीय ४५ हजार ८९१ कोटींची, जवळपास तेवढी अजून एक रक्कम हिशोबाच्या बाहेर उभी आहे. आणि पूर्ण धरली तर तूट ३ टक्क्यांच्या आत राहते का साहेब? बजेटमध्ये राज्याचं उत्पन्न ४९ लाख ३९ हजार कोटी धरलंय, त्याचे ३ टक्के १ लाख ४८ हजार कोटी होतात, मर्यादेला फक्त १२ हजार कोटींची जागा शिल्लक आहे. ही थकबाकी एका वर्षाची नाही हे मान्य, मागच्या दोन-तीन वर्षांची साठत आलेली आहे, पण म्हणूनच ती कर्जात धरायला पाहिजे. रिझर्व्ह बँकेत मंगळवारी रोख्यांचा लिलाव करून सरकार सात टक्क्यांच्या आसपास पैसे उचलतं ते कर्ज, आणि माझ्याकडून शून्य टक्क्याने, मला न विचारता उचललं ते कर्ज नाही असं कसं चालेल?

शिल्लक हा शब्दही जरा तपासून वापरा अशी विनंती आहे. २०१७-१८ ला महसुली शिल्लक होती, २०१८-१९ ला तर ११ हजार ९७५ कोटी होती, २०२२-२३ लाही थोडी म्हणजे १ हजार ९३६ कोटी राहिली. त्यावर दोन्ही बाजूंनी भाषणं होतात, आमच्या काळात शिल्लक होती, तुमच्या काळात तूट आली वगैरे. पण त्या शिलकीच्या वर्षांत मार्च एंडला किती बिलं अडवून ठेवली होती, किती पुढच्या वर्षात ढकलली होती हे कुणीच सांगत नाही, ना तेव्हाचे ना आताचे. ते कळल्याशिवाय शिल्लक खरी होती का नाही यावर वाद घालून उपयोग काय. मला तर वाटतं यात कोणत्याच पक्षाला आतलं सगळं बाहेर यायला नकोय कारण सगळेच कधी ना कधी त्या खुर्चीत बसलेले आहेत.

तूट कशी घसरत गेली तेही बघा. २०२४-२५ साठी फेब्रुवारीच्या अंतरिम बजेटमध्ये महसुली तूट ९ हजार ७३४ कोटी सांगितली, जूनमध्ये निवडणुकीच्या आधीच्या बजेटमध्ये २० हजार ५१ कोटी झाली, आणि सुधारित अंदाजात २६ हजार ५३६ कोटी. पुढच्या वर्षाला थेट ४५ हजार ८९१. आता सरळ हिशोब करा, २०२५-२६ मध्ये सरकार वर्षभरात १ लाख ३६ हजार कोटी उसने घेणार आणि त्यातले ४५ हजार ८९१ कोटी रोजच्या खर्चाला जाणार, म्हणजे उसन्या तीन रुपयांतला एक रुपया धरण, रस्ता, दवाखाना कशातच जात नाही, तो खाऊन संपतो. पगार, पेन्शन आणि व्याज यातच महसुलातले ३ लाख १२ हजार कोटी जातात, शंभरातले ५६ रुपये. नुसतं व्याज ६४ हजार ६५९ कोटी आहे, रोजचे १७७ कोटी रुपये, रविवार धरून. माझं सगळं अडकलेलं बिल त्याच्यापुढे धूळ आहे. सरकार जे रोखे काढतं त्यातले काही वीस-पंचवीस वर्षांचे असतात, माझी मुलगी आत्ता तिसरीत आहे, ती नोकरीला लागून टॅक्स भरायला लागेल तेव्हाही हे फिटलेलं नसेल, आणि तिला विचारायचा अधिकार आहे की या पैशाचं काय केलंत.

लाडकी बहीणबद्दल बोललं की लगेच गरिबांच्या विरोधात आहे असा शिक्का बसतो म्हणून स्पष्ट लिहितो. माझ्या साईटवर काम करणाऱ्या बायकांना ते पंधराशे मिळतात, आणि ज्या महिन्यात मी त्यांची मजुरी उशिरा दिली त्या महिन्यात त्यांचं घर त्या पंधराशेवर चाललं, हे मला माहितेय. योजना बंद करा असं माझं म्हणणं अजिबात नाही. पण २०२५-२६ ला ३६ हजार कोटी ठेवलेली योजना कायमची चालवायची असेल तर त्यासाठी कायमचं उत्पन्न कुठून येणार हे सांगा ना. २१०० चं आश्वासन दिलंत, ते देणार असाल तर कधी आणि कशातून, नसाल तर तसं मोकळेपणाने बोला. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी या योजनेकडे वळवले गेले तेव्हा खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. वसतिगृहातल्या पोरांचे पैसे काढून त्यांच्याच आयांना द्यायचे याला मी कल्याणकारी राज्य म्हणू शकत नाही. आणि आमची बिलं थांबवून योजना चालवता तेव्हा खरं तर त्या बाईची मजुरी थांबवूनच तिला पंधराशे देता, हे तिला कुणी समजावून सांगत नाही.

टॅक्सचं थोडक्यात. सामान्य माणसावर बोजा टाकला नाही असं आपण म्हणता. १०० चा स्टॅम्प पेपर ५०० चा झाला ऑक्टोबर २०२४ पासून. क्रेन, कॉम्प्रेसर, एक्स्कॅव्हेटर यांच्यावर किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर २०२५ च्या बजेटमध्ये जाहीर केला, छोट्या मालवाहू गाड्यांवरही ७ टक्के, सीएनजी गाडीवर एक टक्का वाढ. दारूवरचा उत्पादन शुल्क वाढवून १४ हजार कोटी जास्तीचे येतील असा अंदाज धरलाय. पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आहेच आणि त्यावर लिटरला ५ रुपये १२ पैसे वेगळे. व्यवसाय कर तर १९७५ पासून रोजगार हमीसाठी म्हणून भरतोय महाराष्ट्र, वर्षाला अडीच हजार. मी टॅक्स भरायला नाही म्हणत नाही, भरतो, वेळेवर भरतो. पण माझं रिटर्न एक दिवस उशिरा गेलं तर लेट फी आणि व्याज लागतं, आणि सरकारकडून माझे पैसे वर्ष उलटून गेले तरी एक रुपया व्याज नाही. १ एप्रिल २०२४ पासून खासगी कंपनीने छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर तिला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये त्या वर्षी धरता येत नाही. खासगीला ही शिस्त आहे. मग सरकारला का नाही? मला हा भेदभाव सगळ्यात जास्त लागतो.

अजून एक विषय आहे तो म्हणजे महामंडळांच्या नावावर काढलेलं कर्ज. शक्तिपीठ महामार्ग, मूळ आराखड्यात वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, ८६ हजार कोटींचा अंदाज. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने जमिनीसाठी आणि पुढच्या तयारीसाठी २० हजार कोटींच्या वर मंजुरी दिली आणि त्यात हुडको या केंद्राच्या वित्त कंपनीकडून १२ हजार कोटी कर्ज. त्यावर अर्थखात्यानेच सावध राहायला सांगितलं होतं अशा बातम्या आम्ही वाचल्या. रस्ता पाहिजे का नको हा वेगळा वाद आहे, कोल्हापूरकडचे शेतकरी तो लढतायत आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या सरकारकडे झालेल्या गावरस्त्याचे दहा लाख नाहीत त्याच्याकडे नवीन ८६ हजार कोटींचं काम सुरू करायचं बळ कुठून येतं? नवीन कामाचा नारळ फोडताना फोटो येतो, जुनं बिल काढताना फोटो येत नाही, एवढंच कारण असेल तर फार वाईट आहे. आणि आमदार साहेबांनो, यात तुम्हीही आहात, पत्र देऊन कामं सुचवता, प्रशासकीय मान्यता आणता, गावात बोर्ड लावता, आणि त्या हेडला (बजेटमधल्या लेखाशीर्षाला) तरतूद किती आणि मान्यता किती पट दिल्या हे सभागृहात एकदाही विचारत नाही. कॅगच्या अहवालांत वारंवार येतं की पुरवणीत पैसे घेतले आणि मूळ तरतूदसुद्धा खर्ची पडली नाही, त्यावर तुमच्यातल्या किती जणांनी प्रश्न लावला?

म्हणून माझ्या मागण्या लिहितो, येत्या बजेटच्या आधी यावर उत्तर मिळावं ही अपेक्षा आहे.

बजेटच्या पुस्तकांसोबत एक तक्ता छापा, प्रत्येक खात्याकडे माप झालेल्या कामांची किती बिलं बाकी आहेत, कोणत्या हेडची, किती जुनी. तीन महिन्यांची, सहा महिन्यांची, वर्षावरची वेगवेगळी. आणि त्यासकट तूट आणि कर्ज किती टक्के होतं तेही त्याच पानावर लिहा. महामंडळांचं हमी दिलेलं कर्जही तिथंच दाखवा. हे झालं तर बाकी अर्धे वाद आपोआप मिटतील.

बिलं एमबीच्या तारखेप्रमाणे निघाली पाहिजेत, आधी रेकॉर्ड झालं ते आधी, आणि ही यादी बीम्सवर कुणालाही बघता आली पाहिजे. कुणाचं बिल मध्येच पुढे गेलं तर का गेलं ते कारण तिथं लिहा. सध्या मार्च एंडला कुणाचं बिल कसं निघतं हे मी इथे लिहीत नाही, आपल्या सगळ्यांना माहिती आहे.

ज्या हेडला मागची देणी बाकी आहेत त्या हेडला, पूर किंवा आपत्ती सोडून, नवीन प्रशासकीय मान्यता देऊ नका.

माप झाल्यापासून ६० दिवसांत पैसे नाहीत तर पुढे व्याज द्या. जास्त नको, सरकार स्वतः ज्या दराने रोखे काढतं तोच दर द्या.

पुरवणी मागण्यांना मूळ बजेटच्या प्रमाणात मर्यादा ठरवा आणि त्यावर खातेनिहाय चर्चेसाठी किमान पूर्ण दोन दिवस ठेवा, गोंधळात आवाजी मतदानाने मंजूर करू नका. विरोधी पक्षालाही सांगणं आहे, सभात्याग केला की मागण्या दहा मिनिटांत मंजूर होतात, बसून बोला.

आणि राज्याच्या आर्थिक स्थितीवर श्वेतपत्रिका काढा. २०१५ मध्ये आधीच्या सरकारच्या कारभारावर काढली होती, आता स्वतःच्या कारभारावर काढा.

मी आणि माझ्यासारखे बरेच जण नवीन टेंडर भरणं बंद करून बसलोय. गावोगावी अर्धवट खोदलेल्या पाईपलाईनी तशाच आहेत आणि उन्हाळा आला की तिथे पुन्हा टँकरची मागणी येणार, तो टँकरचा खर्च पुन्हा पुरवणीत दिसेल. या पत्राची प्रत आमच्या तालुक्याच्या आमदारांना आणि जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांना हाताने नेऊन देणार आहे आणि पोच घेणार आहे. उत्तर लेखी मिळावं.

आपला नम्र,
एक सुशिक्षित बेरोजगार अभियंता,
सोलापूर जिल्हा